तलवार वितळेल कशी?

रविवार, रात्री. पणजी.

भाचीच्या कादंबरीचा शेवट वाचून संपवला. शापित तलवार ज्वालामुखीत टाकतात, ती वितळते, शाप फिटतो, राज्यात पाऊस पडतो. इथे आठवडाभर धो धो कोसळतोय, त्यामुळे त्या पावसाचं मला काही कौतुक वाटलं नाही.

अडलो वितळण्यापाशी. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि बेसॉल्टचा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंशांचा. म्हणजे तलवार लालबुंद होईल, वाकेल, पण तिचं पाणी होणार नाही. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये ज्वालामुखीत टाकतात ती अंगठी सोन्याची. सोनं १०६४ला वितळतं, तिथे हिशेब जुळतो. फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "मामा, जादूच्या गोष्टीत थर्मामीटर घेऊन कोण बसतं?"

बरं, थर्मामीटर ठेवला बाजूला. पण शाप राहतो कुठे, ते तरी ठरव म्हटलं. लोखंडात असेल तर गावचा लोहार पुरे, सहाशे पानं कशाला? धरणाऱ्या हातात असेल, तर तलवार गेल्यावर तो हात कोयता शोधेल.

महाभारतातलं मौसलपर्व, यादवांच्या नाशाचं, तिने वाचलेलं नाही. कृष्णाच्या मुलाला, सांबाला, बाईचा वेष देऊन यादवांच्या पोरांनी ऋषींची थट्टा केली, ऋषींनी संतापून शाप दिला, याच्या पोटी कुळाचा नाश करणारं मुसळ येईल, आणि दुसऱ्या दिवशी सांबाच्या पोटी लोखंडाचं मुसळ आलं. राजाने ते कुटून भुगा करवला, समुद्रात टाकला. वर द्वारकेत दवंडी: आजपासून कुणी दारू गाळेल त्याला सूळ. मला इथेच लेखकाची कमाल वाटते. पात्रं मठ्ठ नाहीत. हत्यारही संपवलं आणि भांडणाचं निमित्तही. (गोव्यात अशी दवंडी पिटली तर पिटणाराच पहिला सुळावर जाईल.) तरी प्रभास तीर्थावर पिणं झालंच. सात्यकीने कृतवर्म्याचं युद्धात झोपलेल्यांना मारणं काढलं, कृतवर्म्याने सात्यकीचं शस्त्र टाकून बसलेल्या भूरिश्रव्याला मारणं काढलं, आणि कृतवर्म्याचं मुंडकं उडालं. मग हाताशी आलं ते किनाऱ्यावरचं एरका गवत. उपटलं की मुसळ.

भागवतात तर ते गवत त्याच भुग्याचं. न कुटलेला तुकडा माशाने गिळला, मासा जाळ्यात आला, पोटातल्या लोखंडाचं जरा नावाच्या व्याधाने बाणाचं टोक केलं आणि तो बाण कृष्णाच्या पायाला लागला. कोळी, पारधी, सगळे आपापलं रोजचं काम करतायत. म्हापशाच्या बाजारात इसवणाच्या पोटात गळ सापडला, तर कापणारी बाई तो बोटांनी ओढून फळीच्या कोपऱ्यात ठेवते आणि पुढचा तुकडा पाडते. जराच्या गोष्टीतही कुणीतरी असंच केलं असणार.

आपल्याकडे परशुरामाचा बाण समुद्रात गेला तेव्हा जमीन वर आली, बाणावली गावाचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. समुद्रात टाकलेलं हत्यार बुडून गप्प बसलंय असं निदान या दोन कथांत तरी नाही.

भाचीला सांगितलं, पातं टाक हवं तर लाव्ह्यात, पण मुठीवरचं पितळ आधीच निखळू दे आणि ते उचलणाऱ्या भंगारवाल्याला दहाव्या प्रकरणातच एकदा दाखवून ठेव.

"म्हणजे दुसरा भाग लिहावा लागणार," ती वैतागून म्हणाली. भंगारवाल्याला नाव काय द्यायचं, ते मात्र लगेच विचारलं.