कंटेनरात कंटेनर आणि पोटभाडेकरू रूट

शनिवार-रविवारचा पार बट्ट्याबोळ झाला. कसा झाला ते इथे लिहून ठेवते, कारण सहा महिन्यांनी मीच परत हा उद्योग करणार आणि तेव्हा काही म्हणजे काही आठवणार नाही.

ऑफिसच्या बिल्ड मशीनवर मला रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, नाहीये. मिळणारही नाही, मागून झालंय. त्यामुळे आमचा रनर (बिल्डची कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) रूटलेस, म्हणजे रूटशिवायच्या, पॉडमॅनमध्ये चालतो. पॉडमॅन म्हणजे कंटेनर, मशीनमधल्या बंदिस्त खोल्या, चालवणारं साधन. आणि आता त्या रनरच्या आतच इमेज (कंटेनर ज्यातून सुरू होतो तो साचा) बिल्ड करायच्या होत्या, म्हणजे रूटलेसच्या पोटात अजून एक रूटलेस. मला वाटलं आत पॉडमॅन टाकलं की झालं, दुपारच्या चहापर्यंत उरकेल.

पहिलाच पुल, म्हणजे इमेज उतरवून घेणं, आडवा आला. डेबियन लिनक्सची इमेज, लेयर (इमेजचे थर) सगळे नीट उतरले आणि शेवटी म्हणे जीशॅडो फाइलसाठी ०:४२ (युजर ०, ग्रुप ४२) पाहिजे, आयडी, म्हणजे युजर-ग्रुपचे नंबर, कमी पडतायत. ४२ हा डेबियनचा शॅडो ग्रुप. आतल्या युजरकडे स्वतःचा एक आयडी सोडला तर काहीच नव्हतं, मग ती फाइल ४२ च्या नावावर करणार कशी? म्हणून कोणत्या युजरला कोणते जादा आयडी हे लिहिलेल्या आतल्या सबयूआयडी-सबजीआयडी फाइलींमध्ये बाहेर आहे तशीच ओळ टाकली, १००००० पासून पुढे ६५५३६. तर आता हे आयडी लावून देणारं न्यूयूआयडीमॅप बोंबलायला लागलं, ऑपरेशन नॉट परमिटेड.

इथे मी दीड तास घालवला. गोष्ट साधी आहे खरं तर. बाहेरच्या मशीनने मला १००००० पासूनचे ६५५३६ आयडी दिलेत, पण कंटेनरात शिरलं की तेच १ ते ६५५३६ असे दिसतात, आणि ० म्हणजे बाहेरची मी. आत १००००० नावाचा आयडीच नाही! पोटभाडेकरू ठेवायचा तर आपल्याला मिळालेल्या खोल्यांतलीच एखादी देता येते, शेजारच्या बिल्डिंगमधली कशी देणार. माझा आतला युजर १००० नंबरचा, तर त्याला तो नंबर वगळून दोन तुकडे द्यायचे, १ पासून ९९९ आणि १००१ पासून ६४५३५. पॉडमॅनच्या स्वतःच्या इमेजमध्येही हेच आकडे आहेत, आधी बघितलं असतं तर. आणि हो, आकडे बदलल्यावर पॉडमॅन सिस्टीम मायग्रेट चालवा, नाहीतर जुनाच नेमस्पेस (आयडींचं ते आतलं वेगळं जग) धरून बसतं आणि आपण उगाच स्पेलिंग तपासत राहतो.

मग प्रॉक, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू प्रोसेसची माहिती ज्यात फाइलींसारखी दाखवतं तो फोल्डर. रन केलं की प्रॉक माउंट करताना, म्हणजे जोडताना, परत तेच ऑपरेशन नॉट परमिटेड. लिनक्सला दुसरं वाक्यच येत नाही का, असं वाटायला लागलं. बाहेरचं पॉडमॅन प्रॉकमधल्या केकोर, कीज वगैरे फाइली झाकून ठेवतं. आतल्याला कोरा प्रॉक माउंट करू दिला तर झाकलेलं सगळं परत उघडं पडेल, म्हणून कर्नल आधी बघतं की सध्याचा प्रॉक पूर्ण दिसतोय का, आणि दिसत नसेल तर नाही म्हणतं. चिडले होते पण हे बरोबर आहे.

त्या अधिकृत इमेजच्या कॉन्फिगमध्ये एक पळवाट आहे, बाहेरचाच प्रॉक आत बाइंड करायचा, म्हणजे नवा न बनवता तोच आत दाखवायचा. मी कॉन्फिग जसंच्या तसं उचललं. चाललं, पण शेलला स्वतःचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) विचारला तर म्हणतो १, आणि पीएसच्या प्रोसेस-यादीत १ वर बसलाय बाहेरचा रनर. आमच्या एका टेस्टला हे अजिबात चाललं नाही. शेवटी ते बाइंड काढलं आणि बाहेरचा कंटेनर अनमास्क ऑल (काहीच झाकू नको) देऊन सुरू केला. जवळपास सगळी बंधनं काढणारा प्रिव्हिलेज्ड फ्लॅग दिला असता तरी काम झालं असतं, आणि रूटलेसमध्ये त्यानेही माझ्या युजरपेक्षा जास्त हक्क मिळत नाहीत, पण लागतंय तेवढंच उघडायचं असं ठरवलं होतं.

स्टोरेजचं पटकन सांगते. बाहेरच्या कंटेनरची मूळ फाइलसिस्टीम ओव्हरले, म्हणजे लेयर एकावर एक रचून दाखवणारी, तिच्यावर परत ओव्हरले बसत नाही. व्हीएफएसने चालतं, पण ते प्रत्येक लेयरची अख्खी कॉपी काढतं, माझी डिस्क जेवायच्या आत भरली. आतल्या स्टोरेजच्या फोल्डरला वेगळा व्हॉल्यूम (ओव्हरलेबाहेरची जागा) द्या, मिटलं. कर्नल ५.११ च्या आधीचं असेल तर फ्यूज-ओव्हरलेएफएस (ओव्हरलेचंच कर्नलबाहेर चालणारं रूप) लागेल, त्यासाठी डेव्ह-फ्यूज आत द्यावं लागतं.

नेटवर्कला पास्ता, म्हणजे कंटेनरला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा प्रोग्राम. २०२४ च्या पॉडमॅन ५ पासून तोच डीफॉल्ट आहे, आधी स्लर्प होतं. दोघांनाही डेव्ह-नेट-टन (आभासी नेटवर्क कार्डासाठीचं डिव्हाइस) लागतं आणि कंटेनरात ते नसतंच. मी आत रूट होऊन एमकेनोड (डिव्हाइस बनवणारी कमांड) मारून बघितलं, नाही म्हणाला. युजर नेमस्पेसमधल्या रूटला डिव्हाइस बनवता येत नाही, बाहेरूनच डिव्हाइसचा फ्लॅग देऊन आत पाठवावं लागतं.

ते दिलं. कर्ल (वेबवरून आणणं) चाललं, एपीटी (पॅकेज उतरवणं) चाललं, पिंग नाही. अर्धा तास मी पास्तालाच शिव्या घातल्या. नंतर लक्षात आलं की उचललेल्या कॉन्फिगमध्ये डीफॉल्ट सिसकंट्रोलची, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जची, यादी रिकामी ठेवलेली आहे, आणि नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये पिंग ग्रुप रेंज (कोणत्या ग्रुपना पिंग करता येईल ते) १ ते ० असते, म्हणजे कोणालाच परवानगी नाही. बाइंड केलेल्या प्रॉकबरोबर ती ओळ ठीक होती, बाइंड काढताना मी ती तशीच सोडून दिली होती. ओळ उडवली, परत रन केलं आणि पिंगचं पहिलं उत्तर आलं तेव्हा रविवारचे रात्रीचे साडेअकरा वाजले होते.