हजार मीटर

आज भोगी. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात पोहण्याचा सराव करून आल्यावर तिळाच्या पाण्याने न्हाले, तरी भाकरी थापताना हात थरथरत होते. धाकट्याने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, “आई, किती?” मी मान वर न करता म्हणाले, “हजार.” त्याने लगेच कॅलेंडरवर लिहूनही टाकलं. 1000 मी. आजच्या चौकोनात, ‘भोगी’च्या खाली.

सकाळपासून तो आकडा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

खरं काय झालं ते इथे तरी लिहिते. सराव घेणाऱ्या काकांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यातून वर काढला, 21 अंश. मोठ्या स्पर्धांच्या नियमात पाणी 16 अंशांपर्यंत गार असलं तरी शर्यत होते, 18च्या खाली वेटसूट, म्हणजे अंग गरम ठेवणारा पोशाख, सक्तीचा, 20 पर्यंत ज्याची त्याची मर्जी. म्हणजे 21 काहीच नाही. छातीपर्यंत उतरले, तोंड पाण्यात घातलं आणि श्वास आत ओढला गेला. मी ओढला नव्हता. तो बाहेर येईचना, आणि आला तेव्हा धापांवर धापा. टँकमध्ये दीड किलोमीटर न थांबता मारते मी. इथे चार हात मारले आणि डोकं वर. खाली फरशी नाही, काळी रेघ नाही, नुसतं हिरवट अंधारलेलं पाणी. ट्यूबवर बसून जाळं सोडणाऱ्या मामांनी एक शब्द न बोलता बांबू पुढे केला आणि माझ्या हाताने तो धरला. घट्ट. काठावर आले तेव्हा काकांच्या घड्याळात तीन मिनिटं झाली होती.

या अंगाला गार पाण्याची ओळख असणार तरी कुठून? मे महिन्यात पारा 43च्या वर, रात्री दहालासुद्धा गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं. त्यात आख्खा जन्म काढला. आणि रविवारी घाटावरच्या धरणात 2 किलोमीटरची शर्यत, मेसेजमध्ये लिहिलंय पाणी 18 ते 19 असेल. मला कोणी सांगितलं होतं फॉर्म भरायला? हे काही बोलले नाहीत, पण फी भरताना ज्या नजरेने बघितलं... जाऊ दे. बरोबरीच्या सगळ्या जणी लहानपणी विहिरीत शिकलेल्या. मला आईने कधी विहिरीच्या काठावर उभं राहू दिलं नाही. का, ते तिला कधी विचारलं नाही, आता विचारता येणार नाही.

पण पुन्हा तेच. हजार का म्हणाले? बांबू धरला ते हाताने केलं, त्याला मी काय करणार? हजार मात्र मी म्हणाले. पोरगा रागावला असता का? नाही. तीन लिहिलं असतं आणि खेळायला गेला असता. त्याच्यासाठी नव्हतंच ते. मला स्वतःलाच तो तीन ऐकायचा नव्हता.

दुपारी काकांचा फोन. मला वाटलं, रविवारचं रद्द करा म्हणतील. तर ते श्वासावरच बोलत राहिले. गार पाणी कातडीला लागलं की पहिला श्वास आपोआप ओढला जातो, मग धाप, छातीत धडधड. मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. तेवढ्या वेळात हात मारायचेच नाहीत, पाठीवर तरंगायचं, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायचा. आणि दोन-तीन मिनिटं असं पाच-सहा वेळा उतरलं तरी हे जवळजवळ निम्म्यावर येतं, शरीर शिकतं. “आजचं मोजणीत धरलं ना तुम्ही?” त्यांनी विचारलं. मी गप्प. मग त्यांनी आरती साहांचं सांगितलं. 1959 साली इंग्लिश खाडी पोहणारी पहिली आशियाई बाई. सप्टेंबरात पार केली हे सगळ्यांना ठाऊक, पण त्याच वर्षी ऑगस्टमधला पहिला प्रयत्न सोडावा लागला होता.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले. म्हणजे ती तीन मिनिटं वाया गेली नव्हती. तीच आजची प्रॅक्टिस होती. मी खोटं बोलून नेमकी तीच पुसली.

संध्याकाळी बाळीवेशीत सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, बघायला उभी राहिले. पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातला एक कोवळा पोरगा, कमरेच्या पट्ट्यात काठी पेलून, मान वर, नजर टोकावर. पाय किती जपून टाकत होता. कितीतरी दिवस आधी सराव करतात ही पोरं. गर्दीत शेंगदाणे खात मी त्याच्या श्वासाकडे बघत राहिले, तो तोंडाने, हळू सोडत होता.

शनिवारी निघायचं. म्हणजे तीन सकाळी हातात आहेत. संध्याकाळीही उतरले तर सहा वेळा होईल. मामांना म्हणणार आहे, जवळ राहा, बांबू राहू दे.

घरी आल्यावर धाकट्याला कॅलेंडरपाशी नेलं आणि सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग विचारलं, “मग बुडत होतीस का?” म्हटलं, “नाही. श्वास सापडत नव्हता.” त्याने रबराने घासलं, पण पेनने लिहिलेलं, कागद फाटायला लागला. मग 1000 तसंच ठेवून त्याच्या शेजारी लिहिलं, 3 मि.