गोण्या नेणारी गाडी

१६ एप्रिल २०२५, बुधवार

आली एकदाची! समोरच्या पुलावरच्या नव्या मेट्रोची चाचणीची गाडी मंडाळ्याहून डायमंड गार्डनच्या बाजूला जाताना आमच्या गॅलरीसमोरून गेली. तव्यावरची भाकरी करपली, पण गाडी बघितली. सहा डबे, आत हेल्मेट घातलेले पाच-दहा जण, बाकी सगळं रिकामं. मुंबईत रिकामी गाडी बघायची डोळ्यांना सवयच नाही. कारशेडकडे चाललेली दिसली तर दिसली.

बाबा कठडा धरून उभे होते. तेहतीस वर्षं हार्बर लाईनच्या लोकलवर मोटरमन. कशी वाटली विचारलं तर म्हणाले, "हळू आहे. हळूच पाहिजे." मग थोड्या वेळाने, "आज सोळा एप्रिल ना?" बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १८५३ सालच्या याच तारखेला, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. बाबांना खरं कौतुक आहे ते त्याच्या आदल्या वर्षाचं. १८५२ मध्ये फॉकलंड नावाचं इंजिन रुळांच्या कामासाठी भायखळ्याच्या बाजूला फिरायचं आणि ते बघायला माणसं जमायची. "तिकीट नाही, कुठे जायचं नाही. नुसतं बघायचं," बाबा म्हणाले. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आज तेच चाललं होतं.

३ मे

बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी गाडीच्या फेऱ्या लिहायला सुरुवात केली आहे. आज पाच. आई असती तर दोन्ही हिशेब मिसळले म्हणून ओरडली असती.

२७ मे

काल पाऊस आला. मे महिन्यात! भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलेलं टीव्हीवर दिवसभर दाखवत होते, तो टप्पा सुरू होऊन तीन आठवडेही झालेले नाहीत. बाबा एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी आमची गाडी (आता "आमची"च म्हणतो) भर पावसात गेली, तेव्हा मात्र चष्मा पुसून परत परत बघितली.

१४ जून, शनिवार

आज चहा पिता पिता, गॅलरीकडे पाठ असताना बाबा म्हणाले, "आज भरलेली आहे."

मी वळून बघितलं तर गाडी नेहमीसारखीच. म्हटलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून. स्टेशन जवळ आलं की बघ, ब्रेकचा आवाज वेगळा येतो. गोण्या घातल्या असणार."

मग अर्धा तास गोण्यांवर. नव्या गाडीची चाचणी घेताना माणसांच्या वजनाइतकी वाळू गोण्यांत भरून डब्यात रचतात. तशी भरलेली गाडी पळवून किती डोलते ते मोजायचं, मग पूर्ण वेगात ब्रेक दाबून किती अंतरात थांबते ते मोजायचं. लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेची, माणसं येऊन हे करतात. हे सगळं झाल्यावर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येणार, त्यांनी होकार दिला की मग आपण. म्हणजे आपल्या आधी आपल्या वजनाची वाळू जाऊन येते. मला हे फार आवडलं. वाळू धक्के देत नाही आणि दारात उभी राहत नाही, हा भाग वेगळा.

"तुम्हाला चालवताना कळायचं का वजन?"

"पाठीला कळतं," बाबा म्हणाले. सकाळची भरलेली गाडी आणि दुपारची उलट्या दिशेची गाडी, डबे तेच, पण ब्रेक लावायची जागा निराळी. गोवंडीला कुठे लावायचा, कुर्ल्याला कुठे, कोणी शिकवत नाही. रेल्वेच्या भाषेत अतिगर्दीलाही नाव आहे, सुपर डेन्स क्रश लोड, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. बाबांनी ते नाव घेतलं तेव्हा हसले नाहीत.

बोलताना त्यांचा हात कठड्यावर दाबलेला होता. डेडमॅनची सवय. हँडल दाबून धरायचं, हात सुटला की गाडीला ब्रेक लागलाच. समोरची गाडी तर मोटरमनशिवायही धावू शकेल अशी बनवलेली आहे. सध्या केबिनमध्ये माणूस असतो. बाबा तेवढाच बघतात, पण ते मी त्यांना बोलून दाखवत नाही.

२० ऑगस्ट

रात्रभर झोप नाही. काल पावसाने हार्बर बंद पडली, सगळी गर्दी मोनोरेलकडे वळली आणि म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्कच्या मधे ती उंचावर अडकली. ५८२ माणसं शिडी लावून उतरवली. आज कारण सांगितलं: गाडीची क्षमता १०४ टन, वजन झालं १०९ टन, त्यामुळे वीज घेणाऱ्या भागाचा संपर्क तुटला.

"पाच टन," बाबा म्हणाले. कॅलेंडरवर आज फेऱ्यांच्या जागी नुसतं "५" लिहून ठेवलंय. लोकल बंद पडली म्हणून समोर दिसेल त्या गाडीत चढलेल्या माणसांना यात मी काही बोलणार नाही. पण समोरच्या पुलावरून जाणाऱ्या गोण्यांकडे आता मी गंमत म्हणून बघत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावास्या. मोनो कालपासून दुरुस्तीसाठी बंद केली आहे. आजोबांच्या नावाचं पान गॅलरीत ठेवलं. खीर, वडे, गवारीची भाजी. आजोबा ट्रामने कामावर जायचे. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली, त्यानंतर ते म्हणे महिनाभर चालतच जायचे, रागाने.

कावळा आला, पण पानाकडे नाही. समोर मेट्रोच्या पुलाच्या कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत होता. आम्ही दोघं दाराआड दबा धरून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी पंख उघडले, इकडे झेपावणार, तेवढ्यात मंडाळ्याकडून गाडी आली आणि तो उडाला तो थेट रस्त्यापलीकडच्या झाडावर.

"हिला आत्ताच यायचं होतं," बाबा म्हणाले. आणि कॅलेंडराकडे गेले, फेरी लिहायला.