नेट अडकलंय का गं?

एक्सपेरिमेंटल इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की आपलं ते काम नाही असं मी कधीच ठरवून टाकलेलं. पण मावसभाऊ महिनाभर मागे लागला होता, एकदा ऐक एकदा ऐक, शेवटी रविवारी दुपारी मेथीची जुडी निवडायला घेतली आणि फोनवर लावलं, विल्यम बसिन्स्की या अमेरिकन संगीतकाराचं डिसइंटिग्रेशन लूप्स, त्यातला पहिलाच तुकडा 63 मिनिटांचा!

आणि आहे काय तर काही सेकंदांची एक सुरावट, लांब कुठेतरी बँड वाजत असावा तशी. ती संपते, परत तीच. परत तीच. पाचव्या मिनिटाला बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं, "नेट अडकलंय का गं?" मलाही तेच वाटत होतं खरं तर.

पण हाताला माती, फोनला कोण हात लावणार, म्हणून राहिलं चालू. वीसेक मिनिटांनी लक्षात आलं की अरे, हे तेच नाहीये. मघाशी जिथे सूर होता तिथे आता बारीकसं भोक पडलंय, पुढे ते भोक वाढत गेलं, खरखर यायला लागली, आणि मी त्या गायब झालेल्या सुराची वाट बघत बसले हातात काडी धरून.

नंतर वाचलं. 1982 च्या सुमाराच्या त्याच्या टेप्स होत्या, 2001 मध्ये डिजिटल करायला लावल्या तर टेपवरचा ऑक्साइडचा थर, म्हणजे ज्यात आवाज साठवलेला असतो तोच, फिरता फिरता सुटून पडायला लागला आणि या माणसाने बंद न करता रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं. म्हणजे कॉम्प्युटरची करामत नाहीच, टेप खरंच झडतेय. त्याच वर्षी 11 सप्टेंबरला त्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या गच्चीवरून वर्ल्ड ट्रेड सेंटरचा तो धूर शूट केला आणि त्याला हेच संगीत लावलं, बहुतेक लोक ती गोष्ट आधी सांगतात, मला नंतर कळली ते बरं झालं.

बाबांना ऑक्साइड वगैरे सांगायला गेले तर म्हणाले, "ती तपकिरी भुकटी ना? स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचो की." आणि पेपर तसाच टाकून माळ्यावर चढले. आत्याच्या लग्नाची कॅसेट आहे म्हणे, मंगलाष्टकं आजीच्या आवाजात. प्लेअरचा बेल्ट लोंबतोय, नवीन कुठे मिळतो माहीत असेल तर सांगा प्लीज.

मी म्हटलं आधी नुसती लावून बघू. तर बाबा म्हणतात, "छे, आधी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू कर, मग प्ले दाब."