गाल्टन शिट्टी: रेघ २० किलोहर्ट्झच्या वर

माणसाला ऐकू न येणाऱ्या, २० किलोहर्ट्झच्या वरच्या सुराची माझी गाल्टन शिट्टी आता बोलते, म्हणजे माझ्या कानाला नुसता हवेचा फुसफुसाट आणि फोनच्या स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या वारंवारता दाखवणाऱ्या आलेखावर) २१ किलोहर्ट्झपाशी ठळक रेघ. घडण फ्रान्सिस गाल्टनने १८७६ मध्ये केली त्याच धर्तीची. गोल फटीतून आलेली हवा समोरच्या पोकळीच्या धारदार कडेवर आपटते, कधी आत तर कधी बाहेर वळते, आणि पोकळीतली हवा त्या हेलकाव्याला आपली लय लावते.

पोकळी सातपूरच्या एका टर्नरकाकांनी पितळेत करून दिली. बोअर (आतलं भोक) २ मिमी, पिस्टन म्हणून २ मिमी ड्रिलचीच शँक (मागची गुळगुळीत दांडी), मागे खोली कमी-जास्त करायला एम-३ चा (३ मिमी जाडीचा) स्क्रू. एका बाजूने बंद पोकळीत पाव तरंगलांबी बसते. त्या हिशेबाने ४ मिमी खोलीला २१.४ किलोहर्ट्झ मिळायला हवेत. पण पोकळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही सोबत डोलते, म्हणून खोलीत व्यासाचे ०.३ पट मिळवायचे. मग आकडा १८.६ वर येतो, आणि तो गल्लीतल्या पोरांना चक्क ऐकू जातो! खोली ३.५ केली की २०.९, ३ केली की २३.८. एम-३ चा पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) अर्धा मिमी, त्यामुळे स्क्रूचा एकेक फेरा किती महाग पडतो ते बघा.

खरी कटकट फटीची. कडेवर केसाएवढी बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत कोर) राहिली तरी रेघ फाटते. हवेचा दाब वाढवला की सूर वर सरकतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय कॉम्प्रेसर जोडण्यात अर्थ नाही. तापमानही बघा. नाशिकची १० अंशांची थंडी आणि ४० अंशांचा उन्हाळा यांत ध्वनीच्या वेगात सुमारे ५ टक्के फरक पडतो, तेवढाच सुरात.

पुढचा नंबर हार्टमन शिट्टीचा. तिथे नोझलमधून हवा ध्वनीपेक्षा वेगाने सुटावी लागते. त्यासाठी गेजवर ०.९ बारच्या वर दाब हवा, आणि पोकळीचं तोंड झोताच्या अस्थिर टापूत नेमकं बसवावं लागतं. आवाज गाल्टनपेक्षा कितीतरी जोरदार. ऐकू येत नाही म्हणून कान उघडे ठेवू नका, इअरमफ घालाच.

फोनचं सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घेतो ते) ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, २४ च्या वर तो आंधळा. नाशिकमध्ये कोणाकडे वटवाघळांचा डिटेक्टर (त्यांचे ऐकू न येणारे उंच आवाज टिपणारं यंत्र) असेल तर एका रविवारी घेऊन या, चहा माझ्याकडून.