२०० बीआरएमची तयारी: आरसा, मागचा लाइट आणि कडेपासूनचं अंतर

तर मंडळी, बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची, तयारी कुठवर आली ते सांगतो. पाय ठीक आहेत, साडेतेरा तासांत २०० किमी आता अवघड वाटत नाही. पुण्याजवळचा बोपदेव घाट येवलेवाडीकडून न थांबता चढतोय, पलीकडे उतरून सासवडला नाश्ता आणि परत. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. सध्या सगळं लक्ष मागून येणाऱ्या गाड्यांवर आहे.

घरचे, पोलीस, चहावाला, सगळे एकच सांगतात, कडेकडेनी चालव. पण कडेला असतं काय? खडी, काचा, डांबर संपतं तिथे चार बोटं खाली गेलेली साइडपट्टी आणि गटाराची जाळी जिच्या फटी नेमक्या चाकाच्याच दिशेनी. वर आपण कडेला चिकटलो की मागच्या कारवाल्याला वाटतं बसतंय की, आणि तो कोपराला घासून जातो. म्हणून अरुंद रस्त्यावर, पुलावर, घाटाच्या वळणांवर मी कडेपासून तीनेक फूट आत असतो. मग त्याला स्टेअरिंग वळवावंच लागतं आणि एकदा वळवलं की बरेचसे लांबून जातात. हॉर्न खातो जरा जास्त, ते चालतं. मात्र मागे रांग लागली की जागा बघून बाजूला व्हायचं आणि हात दाखवायचा, नाहीतर ती दादागिरीच झाली. ग्रुप राइडला तिघं तिघं शेजारी गप्पा मारत चालणाऱ्यांनी हे वाचावं ही विनंती.

हँडलच्या टोकाचा गोल आरसा पैसे वसूल. हायवेला गाडी ८० नी आणि आपण २५ नी म्हणजे १०० मीटर मागे दिसलेली गाडी साडेसहा सेकंदांत शेजारी. खड्डा चुकवायचा की त्यातूनच जायचं हे तेवढ्यात ठरवावं लागतं, आणि मान वळवून बघायला गेलं की सायकल उजवीकडे ओढली जाते ते वेगळंच.

सिग्नलला ट्रकच्या डावीकडून पुढे घुसणं पूर्ण बंद. ड्रायव्हर उजवीकडे, केबिन उंच, क्लिनरसाइडच्या दाराखालची सायकल त्याला दिसतच नाही, तो डावीकडे वळला की आपण थेट मागच्या चाकाखाली. सिटी बसचंही तेच, स्टॉप आला की ती डावीकडे येणारच, मागेच थांबायचं. आणि पार्क केलेल्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर. कार चालवणाऱ्यांनी उतरताना दार डाव्या हातानी उघडावं, मान आपोआप मागे वळते. नेदरलँड्समधे हे ड्रायव्हिंग शिकतानाच शिकवतात. मी कार चालवतो तेव्हा करतो, सवय लागली की सोपं आहे.

आता पुणे-सातारा हायवेवरचा खंबाटकी घाट. जाताना घाट वनवे, समोरून कोणी नाही आणि लोड असलेले ट्रक चढाला जवळपास आपल्याच स्पीडला. मागच्या वेळी एक क्लिनर दारातून वाकून ओरडला, "धर की मागनं, वर सोडतो!" मोह होतो हो, पण नाही. खरी परीक्षा येताना बोगद्यात. उन्हातून आत शिरल्यावर ड्रायव्हरच्या डोळ्यांना अंधार पटकन झेपत नाही आणि तेवढ्यात आपण काळी जर्सी घालून पुढे. म्हणून आत शिरायच्या आधीच मागचा लाइट चालू, ब्लिंकिंग नाही, स्थिर, कारण लुकलुकत्या लाइटवरून अंतर नीट कळत नाही. शिवाय घोट्याला रिफ्लेक्टरची पट्टी, ती पॅडलबरोबर वरखाली होते त्यामुळे सायकलवाला आहे हे लांबून ओळखू येतं. बोगद्याच्या पुढचा तो बदनाम एस वळणाचा उतार मी आरशात मोकळी जागा दिसली की मगच घेतो, आणि ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

पुढचा लाइट थोडा खाली वाकवलाय. समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यात मारून वर त्यालाच डिपर मारायला सांगायचं, हे काही बरं नाही.

आता एक लांब राइड अंधारात सुरू करून बघायचीये. बाकी आरसा खड्ड्यांनी सारखा फिरतोय, जुन्या ट्यूबची पट्टी आत घालून कोणी घट्ट बसवलाय का? टिकतं का ते सांगा.