पाटाच्या काठाने हरेगावला

मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला हरेगावला चालत जायचं हे माझं तिसरं वर्ष. राहुरीकडून पहाटे चारला निघालो. सप्टेंबरातली ओल होती, बाजरी कणसात आलेली. पुढे क्रूस, मागे जपमाळ. माळ संपली की एक बाई बायबलातलं पहिलं स्तोत्र म्हणायच्या आणि आम्ही मागून.

लहानपणापासून पाठ असलेलं ते स्तोत्र या वाटेवर मला नव्याने कळलं. धन्य कोण? तर जो दुर्जनांच्या मसलतीने चालत नाही, पाप्यांच्या वाटेत उभा राहत नाही, निंदकांच्या बैठकीत बसत नाही. चालणं, मग थांबणं, मग बसणं. माझं तसंच झालं होतं. मी एका आडत्याकडे दिवाणजी होतो. पहिल्या वर्षी “सगळेच कडता धरतात”, म्हणजे शेतकऱ्याच्या वजनातून थोडं कापून घेतात, हे फक्त ऐकलं. दुसऱ्या वर्षी काट्याशेजारी उभा राहून बघितलं. तिसऱ्या वर्षी गादीवर बसून कांद्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, गोणीमागे दोन किलो कडता मीच लिहीत होतो, आणि शेतकरी कुरकुरला की बाकीच्यांबरोबर हसतही होतो. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो, हे नीतिसूत्रांतलं वचन तेव्हाही मला पाठ होतं.

बेलापूरजवळ प्रवरा ओलांडली. नीतिमान माणूस पाण्याकाठी लावलेल्या झाडासारखा, असं स्तोत्र म्हणतं. तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वाटून नेलेलं पाणी, म्हणजे आपला पाटच. जिरायत आणि पाटाखालची जमीन यांतला फरक आमच्याकडे कुणाला समजवावा लागत नाही. पण ते झाड स्वतःहून पाण्याशी आलेलं नाही, त्याला कुणीतरी तिथे लावलंय. याचा मला फार आधार वाटतो.

आणि दुर्जन म्हणजे भुसकट. आई बाजरी उफणायची तेव्हा दाणा तिच्या पायाशी पडायचा, भुसकट पार बांधापलीकडे जायचं. त्याला वजनच नसतं.

तरी मनात एक सल होता. त्या आडत्याचा बंगला झाला, पोरं शिकली, आणि नोकरी सोडून मी मात्र उसाच्या टोळीमागे हिशेब लिहीत फिरतो. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ हेच म्हणतो: दुर्जनांची भरभराट पाहून माझे पाय घसरणारच होते. देवाच्या मंदिरात गेल्यावर त्याला उलगडा झाला. मी हरेगावला पोचायची वाट बघत होतो, पण गोष्ट त्याआधीच घडली.

श्रीरामपूरच्या अलीकडे रात्रीचा मुक्काम होता. शेजारी आमच्याच गावचे अण्णा तळपायाच्या फोडांना तेल लावत बसले होते. त्यांचे कांदेही माझ्याच हातून लिहिले गेलेले. दुपारी त्यांनीच मला अर्धी भाकरी दिली होती. बायबलातल्या जक्कय जकातदाराने यरीहोत, लुबाडलेलं चौपट परत करीन असं सांगितलं, तेव्हा येशू त्याच्याच घरी उतरला होता. मी तर अण्णांची भाकरी खाऊन बसलो होतो.

“अण्णा, तुमच्या पट्टीत मी कडता धरायचो.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “किती?”

“गोणीमागं दोन किलो.”

“लिहिलेलं हाय?”

“माझ्या वहीत हाय.”

“मग घरी गेल्यावर वही घेऊन ये.” त्यांनी तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली. “तुझ्या बी टाचंला लाव. पहाटं परत चालायचंय.”